ओटर्लोच्या जंगलातलं निळं खुरपं

आई तीन महिन्यांसाठी नेदरलँड्सला आली होती, अ‍ॅमस्टरडॅमचे कालवे झाले, पवनचक्क्या झाल्या, मग मी ठरवलं की आता हिला माझी इथली सगळ्यात लाडकी जागा दाखवायची, होगे वेलुवेच्या जंगलातलं क्रोलर-म्युलर म्युझियम आणि त्याला लागून असलेली शिल्पांची बाग.

जंगलाच्या ओटर्लो गावाकडच्या गेटवर तिकीट काढलं की तिथल्या पांढऱ्या सायकली फुकट वापरायला मिळतात. हँडलला ब्रेक नाही, पायडल उलटं दाबलं की सायकल थांबते, आईला हे सांगून ठेवलं होतं तरी पहिली पाच मिनिटं धाकधूक होतीच. पण शाळेला सायकलने जायची ती, जमलं तिला, आणि ऑक्टोबरमधल्या त्या पिवळ्या झाडांमधून ती माझ्या पुढे निघून गेली.

हेलेन क्रोलर-म्युलर या बाईंनी जमवलेली चित्रं 1938 पासून इथे आहेत, व्हॅन गॉगची तर ढीगभर. बाग 1961 सालची. तळ्यात मार्ता पानचं पांढरं शिल्प तरंगत असतं, वारा आला की अगदी हळू वळतं, त्याच्यासमोर आम्ही किती वेळ बसलो काय माहीत. मग द्युब्युफे या फ्रेंच कलाकाराचं 'जार्दँ देमाय' म्हणजे 'इनॅमलची बाग', बाहेरून नुसती पांढरी भिंत दिसते, आतल्या जिन्याने वर आलं की पायाखाली उंचसखल पांढरी जमीन आणि तिच्यावर वेड्यावाकड्या जाड काळ्या रेघा, लहान मुलं तिथे नुसती पळत सुटतात.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते पेनोने या इटालियन शिल्पकाराचं ब्राँझचं झाड, बीच नावाच्या इथल्या झाडासारखं. खऱ्या झाडांच्या मधेच उभं आहे त्यामुळे आधी कळतच नाही, मी पहिल्यांदा आले तेव्हा सरळ पुढे निघून गेले होते. या वेळी आईला मुद्दाम काही सांगितलं नाही. वारा सुटला, आजूबाजूची पानं सळसळायला लागली, तेव्हा आई थांबली आणि म्हणाली, "हे झाड का गं हलत नाही?" मला इतका आनंद झाला! म्युझियमच्या हॉलमध्ये ठेवलं असतं तर हे कधी दिसलंच नसतं, त्याला शेजारी खरी झाडं हवीत, वारा हवा.

आणि मग ओल्डनबर्ग या अमेरिकन शिल्पकाराचं खुरपं. जवळजवळ 12 मीटर उंच, निळंशार, हिरवळीत रुतवलेलं. 1971 साली केलं तेव्हा रंग चंदेरी होता, नंतर 1976 मध्ये कोशे फान ब्रुगेन या त्याच्या सहकारी बाईंबरोबर नव्याने करताना निळा दिला, इथले कामगार घालतात त्या डांगरीचा निळा. बागकामाचंच अवजार ते, आपल्या खुरप्यापेक्षा पातं वेगळं, पण आईला ओळखायला सेकंदही लागला नाही. साताऱ्याकडे आमचं शेत आहे, तिचं अर्धं आयुष्य भांगलणीत गेलंय. ती पार जवळ गेली, पातं मातीत कुठे शिरलंय ते वाकून बघितलं, मग मान वर करून दांडा बघत म्हणाली, "हे धरायला केवढा माणूस लागंल गं!"

संध्याकाळी निघताना तिने मला परत तिथे न्यायला लावलं, फोटो काढ म्हणाली. फोटोत ती पात्याशेजारी कमरेवर हात ठेवून उभी आहे, शेताच्या बांधावर भांगलणाऱ्या बायकांकडे बघत उभी राहते ना, अगदी तशी.