नॉइज म्हणून सोडून द्यायचं का?

क्वांटम कॉम्प्युटरची बातमी आली की सगळे क्यूबिट (त्याचे क्वांटम बिट) किती यावरच बोलतात, आपला प्रोग्राम चिपवर चालेल असा बदलून देणाऱ्या कम्पायलरकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. आणि तुम्ही लिहिलेलं सर्किट, म्हणजे क्यूबिटवर एकामागून एक लावायच्या क्रियांची (गेटची) यादी, चिपवर जातं तेव्हा ते ओळखू येत नाही इतकं बदललेलं असतं. चिपवर सगळे क्यूबिट एकमेकांना जोडलेले नसतात, मग लांबच्या दोघांवर सीनॉट हा दोन क्यूबिटचा गेट लावायचा तर मधे दोन क्यूबिटची जागा बदलणारे स्वॅप घालायचे, एक स्वॅप म्हणजे तीन सीनॉट, म्हणजे चुका वाढल्या, मग गेट कमी करायला ऑप्टिमायझर, तो काही गेट उडवतो, काही पुढेमागे सरकवतो, दोनाचं एक करतो. गोची इथेच आहे, यात त्याची चूक झाली तर कळणार कसं?

नेहमीच्या कोडमधे बग आला की प्रिंट टाकून बघतो ना आपण, इथे मधेच मोजलं की स्टेटच, म्हणजे क्यूबिटची क्वांटम अवस्थाच, मोडते. सिम्युलेटरवर तपासावं तर पूर्ण स्टेट ठेवायला 30 क्यूबिटलाच 16 जीबी लागतात, 50 ला 16 पेटाबाइट, म्हणजे नादच सोडा. आणि मशीनने उत्तर चुकीचं दिलं तर नॉइज (हार्डवेअरमधली गडबड) असेल म्हणून गप्प बसायचं. कम्पायलरचं पाप हार्डवेअरच्या माथी, हे मला फार खटकतं.

असं खरंच होतं बरं का. 2022 मधे कोलंबिया विद्यापीठाच्या टीमने गियालार नावाचं टूल आणलं, आयबीएमच्या क्विस्किट या सॉफ्टवेअरच्या कम्पायलरमधल्या 56 पासपैकी (पास म्हणजे सर्किट बदलण्याची एकेक पायरी) 44 बरोबर आहेत हे त्यांनी सिद्ध करून दाखवलं आणि तसं करताना तीन बग सापडले. त्यातला एक भारी आहे. क्रमाची अदलाबदल चालणारे गेट एका गटात टाकायचे आणि मग गटातल्या गटात काटाकाटी करायची, आता झेड गेट आयडेंटिटीशी (काहीच न करणारा गेट) अदलाबदल होतो, आयडेंटिटी हॅडामार्ड गेटशी होतो, म्हणून झेड आणि हॅडामार्डचीही चालेल असं धरलं की संपलं, कारण ती चालत नाही! दुसरा अगदी साधा, मोजलेला बिट 1 आला तरच लावायचा असा गेट शेजारच्या गेटमधे मिसळून टाकला आणि ती 'तरच'वाली अट हवेत.

मेरीलँडच्या लोकांनी त्याआधीच व्हॉक्स नावाचं ऑप्टिमायझर केलं होतं, 2021 चा पेपर, प्रत्येक ऑप्टिमायझेशन अर्थ बदलत नाही याचा पुरावा कॉक या गणिती पुरावे तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधे लिहिलेला, आणि गेटचे अँगल पायच्या परिमेय पटीत ठेवलेले म्हणजे फ्लोटिंग पॉइंटची (दशांश आकडे अंदाजे धरण्याची) भानगड नको. मला हा प्रकार जाम आवडतो. पण सर्किट लिहिलेली ओपनकॅझम फाइल वाचणारा पार्सर त्या पुराव्याच्या बाहेरच आहे, तिथे घाण झाली तर पुरावा बिचारा काय करणार. शिवाय दर नव्या पासला नवा पुरावा लिहायचा, एवढा वेळ कुठल्या कंपनीकडे आहे?

म्हणून रोजच्या कामाला मी दुसरा रस्ता धरीन, कम्पायलरवर विश्वास न ठेवता आधीचं आणि नंतरचं सर्किट जुळतंय का ते प्रत्येक वेळी तपासायचं. सरसकट बघितलं तर हा प्रश्न भयंकर अवघड आहे, पण कम्पाइल केलेली जोडी बऱ्यापैकी सारखी असते, त्यामुळे एकाचे गेट आणि दुसऱ्याचे उलटे गेट आळीपाळीने लावत गेलं तर हिशोब आयडेंटिटीच्या आसपासच राहतो, फुगत नाही. म्युनिकच्या ग्रुपचं क्यूसीईसी (QCEC) नावाचं टूल हेच करतं आणि ते फुकट आहे, पायथनमधून चालतं.