तांबडी माती आणि आमचा पूल साफ करणारा रोबो

आमचं घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडे. भोवती सगळी जांभ्याची तांबडी माती, आणि पाऊस किती ते इकडच्या माणसाला सांगायला नको. मलप्रभा उगम पावते ते कणकुंबी आमच्यापासून लांब नाही. आईचे गुडघे धरायला लागले तेव्हा डॉक्टरांनी पाण्यात चालायचा व्यायाम सांगितला, म्हणून परसात टाइल्सचा लहानसा स्विमिंग पूल बांधून घेतला. सत्तरी ओलांडलेलं माणूस पाण्यात उतरणार, तर तळावर बुळबुळीत थर मुळीच चालणार नव्हता. रोबो घेतला तो त्यासाठीच.

पहिल्या उन्हाळ्यात त्यानं छान काम केलं. आंब्याचा मोहर, सिल्व्हर ओकची पानं, किडे, सगळं जाळीत यायचं. वळीव पडायला लागले आणि चित्र बदललं. रोबो दोन-अडीच तास फिरून बाहेर यायचा, जाळी जवळजवळ रिकामी असायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तळावर पुन्हा तांबडा पापुद्रा. विकणाऱ्याला फोन केला तर 'मोटर कमजोर झाली असेल, पाठवून द्या' एवढंच उत्तर. मला ते पटेना, कारण पानं तो तेवढ्याच जोरानं ओढत होता.

मग तळाजवळचं गढूळ पाणी पांढऱ्या बादलीत काढून ठेवलं. रेतीचे कण थोड्याच वेळात खाली बसले. वरचा तांबूस रंग मात्र रात्र गेली तरी तसाच. त्याच पाण्यात तुरटीचा खडा फिरवला, तेव्हा हळूहळू रंगाच्या गुठळ्या होऊन खाली उतरल्या. पावसाळ्यात नदीचं पाणी निवळायला आपल्याकडे घरोघरी हेच करायचे. म्हणजे पुलात दोन तऱ्हेची माती होती आणि दोघींचा इलाज वेगळा होता.

रोबो खालून पाणी ओढतो, आतल्या जाळीतून गाळतो आणि वरून सोडून देतो. त्याची सगळी मदार त्या जाळीवर. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. आमच्या यंत्राबरोबर आलेली जाळी त्याहून मोठ्या भोकांची, पानांसाठी केलेली. बारीक गाळासाठी 50-60 मायक्रॉनच्या जाळीचं वेगळं पॅनल मिळतं, ते पुण्याहून कुरिअरनं मागवलं. त्यानं रेती आणि बारीक गाळ धरला, फरक डोळ्यांना दिसला. पण चिकणमातीचा कण 2 मायक्रॉनपेक्षाही लहान. तो या पॅनलमधूनही आरपार जातो, पाण्यात पसरतो आणि यंत्र बंद झालं की त्यातला थोडा सावकाश परत तळावर बसतो. कितीही महाग रोबो आणला तरी हे चुकत नाही, हे मी इथं ठासून सांगते, कारण लोक याच कारणासाठी चांगली यंत्रं बदलतात.

वाट दाखवली ती आमच्याच गावच्या एका मुलानं. तो गोव्यात हॉटेलांचे पूल सांभाळतो, सणाला घरी आला होता. पाणी बघून म्हणाला, "ताई, आधी पाणी बसवा की ओ, मग रोबो उतरवा."

त्याच्या सांगण्यावरून आता मोठ्या पावसानंतर असं करते. संध्याकाळी रोबो बाहेर काढायचा. पाणी साफ करायचं पीएसी, म्हणजे तुरटीच्याच जातीचं रसायन, पाकिटावरच्या प्रमाणात बादलीत कालवून पुलात सगळीकडे ओतायचं. वाळूच्या फिल्टरचा व्हॉल्व्ह 'रीसर्क्युलेट'वर, म्हणजे पाणी वाळूतून न जाता नुसतं फिरेल असा, ठेवून पंप थोडा वेळ चालवायचा, म्हणजे ते नीट मिसळतं आणि फिल्टरची वाळू चिकट होत नाही. मग पंप बंद, रात्रभर कुणी पाणी ढवळायचं नाही. सकाळी गाळाची साय तळावर बसलेली असते. ती रोबोनं काढायला जाऊ नये, जाळी लगेच तुंबते आणि अर्धा गाळ पुन्हा वर उठतो. हाताचा व्हॅक्यूम लावून, व्हॉल्व्ह 'वेस्ट'वर ठेवून, अगदी सावकाश ओढून तो बाहेर सोडायचा. पाणी जातं खरं, ते बोअरचं भरून घ्यावं लागतं. बाहेर सोडलेलं गढूळ पाणी नारळाच्या आळ्यांकडे वळवायचं माझ्या मनात होतं, पण क्लोरीनचं पाणी झाडांना नको म्हणून चरात सोडते. त्यानंतर पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते, तपासायचा, 7.2 ते 7.6च्या मध्ये आणायचा, क्लोरीन 1 ते 3 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 1 ते 3 भाग. मग रोबो. आता त्याला करण्यासारखं काम उरलेलं असतं आणि ते तो मन लावून करतो.

बारीक पॅनलचा एक त्रास आहे, ते लवकर तुंबतं. सुट्टीत भावाची मुलं येतात, डोक्याला खोबरेल चोपडलेलं, आणि त्या तेलाचा थर पॅनलवर बसतो. नुसत्या पाइपच्या पाण्यानं तो निघत नाही. सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून आतून बाहेर धुवायचं, घासायचं नाही. मुलांना आधी आंघोळ करायला लावणं त्याहून सोपं. फाल्गुन-चैत्रात पानगळ असते तेव्हा मी जुनी मोठी जाळीच लावते.

रोबो भिंतीवर चढेना झाला होता, त्याचं कारण भिंतीवरच्या शेवाळाच्या बुळबुळीत थरात निघालं. लांब दांड्याच्या ब्रशनं भिंती घासल्या, क्लोरीन ठीक केलं, आणि टाइल्ससाठीचे मऊ फोमचे ब्रश बसवले. सिमेंटच्या तळाला चालणारे रबरी दाते गुळगुळीत टाइल्सवर घसरतात. फोम वाळला की कडक होतो, पाण्यात गेला की मऊ पडतो, त्यामुळे तो खराब झाला असं समजून फेकू नये. प्लग काढून खालचं झाकण उघडलं तर इम्पेलरभोवती, म्हणजे आतल्या पंख्याभोवती, केस आणि मोहराच्या काड्या गुंडाळलेल्या होत्या. चिमट्यानं काढल्या आणि ओढ लगेच वाढली.

बाकी गोष्टी लहान, पण उपयोगी. पाण्यात सोडताना रोबो थोडा हलवून आतली हवा बाहेर जाऊ द्यायची, नाहीतर तो तळावर बसत नाही. पंपाचे झोत बंद ठेवायचे, ते त्याला वाटेतून ढकलतात. केबलला पीळ पडला असेल तर ती उन्हात सरळ पसरून ठेवायची. कोरडा कधीच चालवायचा नाही. वीजपुरवठ्याचा डबा काठापासून किमान 3 मीटर दूर, सावलीत, आणि त्या लाइनवर आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. यात हयगय नको.

यंदा काठाभोवती चिऱ्याची फरसबंदी केली, उताराच्या बाजूला चर खणला आणि उतरायच्या पायरीशी पाय धुवायला कुंड बांधलं. पीएसी वापरायची वेळ त्यानंतर बरीच कमी आली. पाण्याच्या रेषेवर टाइल्सला जो तेलकट पट्टा बसतो तो मात्र आमच्या रोबोला निघत नाही, तो मी आठवड्याला हातानंच पुसते.