एका दारावर दोन पाट्या

लग्नाला नऊ वर्षं झाली होती, कॅलिफोर्नियात येऊन सहा. भांडणाची रीत ठरून गेली होती: मी बोलत सुटायचे, नवरा तोंडाला कुलूप लावायचा. शेवटी आम्ही कपल थेरपी घ्यायची ठरवली. गेलो तर दारावर दोन पाट्या, आडनाव एकच. नवराबायको दोघंही थेरपिस्ट, प्रॅक्टिस स्वतःची. माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हाच, की यांच्या घरी भांडण पेटलं की माघार कोण घेतं? (विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.)

बाई मूळच्या समाजकार्यातल्या, बरीच वर्षं शाळांमधून मुलांबरोबर काम केलेलं. त्यांचा नवरा सॉफ्टवेअरमध्ये होता; त्यांनी चाळिशीत ती नोकरी सोडून मॅरेज अँड फॅमिली थेरपीची मास्टर्स केली. पदवी घेतली आणि पाटी लावली, असं इथे होत नाही. या राज्यात त्या परवान्यासाठी अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीखाली ३,००० तास काम करावं लागतं, वर परीक्षा वेगळ्या.

पहिल्याच दिवशी एक फॉर्म पुढे आला. आमच्यापैकी कुणी एकेकटं त्यांच्यातल्या एकाला भेटलं, तर ते बोलणं दुसऱ्याला सांगायला आमची लेखी संमती हवी. एका छताखाली राहणाऱ्या नवराबायकोला! मी फॉर्म दोनदा वाचला.

दोघांच्या पद्धती मात्र दोन टोकांच्या. ते गॉटमन पद्धतीचे. तीही एका जोडप्याचीच: जॉन गॉटमन आधी गणित शिकलेले, मग मानसशास्त्राकडे वळलेले संशोधक, आणि ज्युली गॉटमन क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. जॉननी सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात जोडप्यांना वादाचा विषय देऊन त्यांचं चित्रीकरण केलं, नाडीचे ठोके मोजले. टिकणाऱ्या नात्यांत वाद चालू असतानाही एका कडू क्षणामागे साधारण पाच गोड क्षण असतात, हे त्यांचं गाजलेलं निरीक्षण. बाई इमोशनली फोकस्ड थेरपीच्या, म्हणजे १९८०च्या दशकात कॅनडात स्यू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी उभी केलेली पद्धत. त्यात रागाच्या तळाशी कुठली भीती आहे, ते शोधायचं.

तिसऱ्या भेटीत बाईंच्या नवऱ्यानं माझ्या नवऱ्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आम्ही सुट्टीच्या बेतावरून वाद घालायला घेतला. दोन मिनिटांत तो नेहमीसारखा गप्प झाला, चेहरा दगडासारखा. आकडा होता १०८. बसल्या जागी! मी इतकी वर्षं त्या चेहऱ्याला बेफिकिरी समजत होते. ठोके शंभराच्या वर गेले की माणूस नीट ऐकूच शकत नाही, वीस मिनिटं तरी थांबायचं, असं ते समजावू लागले, तेवढ्यात बाईंनी त्यांना अडवलं. आकडा राहू दे, म्हणाल्या, आणि नवऱ्याकडे वळून विचारलं, आत्ता कशाची भीती वाटली?

त्यांनी क्षणभर बायकोकडे पाहिलं, हातातली वही मिटली आणि मागे टेकून बसले. नवरा बोलायला लागेपर्यंत मी त्या मिटलेल्या वहीकडेच बघत होते. तो काय बोलला, ते आमच्यापाशीच राहू दे.

करोनात घेतलेला ऑक्सिमीटर आता घरच्या कपाटातून बाहेर आलाय. परवा माझी गाडी जोरात सुटलेली असताना त्यानं तो मुकाट्यानं माझ्या बोटाला लावला.

११२.