उंबऱ्याच्या आत

बी.ए.च्या पोरांना निपाणीत, सीमेवरच्या या तंबाखूच्या गावात, बसून अमेरिकेचा इतिहास शिकवायचा म्हणजे आधी गाइडशी भांडण. गाइडात तिथल्या पुरोगामी चळवळीचा, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सामाजिक सुधारणांचा, धडा तीन मथळ्यांत उरकलाय: कारणे, स्वरूप, परिणाम. परिणामांत चार घटनादुरुस्त्या. १६वी प्राप्तिकराची, १७वी सिनेटच्या थेट निवडणुकीची, १८वी दारूबंदीची, १९वी बायकांच्या मताची. पोरं ते पाढ्यासारखं म्हणतात आणि दहापैकी सात मार्क घेऊन जातात. मला त्याची तक्रार नाही, मार्क लागतातच. पण मी हा धडा गाइडाप्रमाणे १९०० पासून सुरू करत नाही. थोडं मागे जातो, सिगारपाशी.

१८८०च्या दशकात न्यूयॉर्कच्या चाळींत घरोघरी सिगार वळले जायचे. वळणारे बहुतेक बोहेमियातून आलेले, म्हणजे आजच्या चेक मुलखातले. एकाच खोलीत रांधायचं, झोपायचं, तिथंच तंबाखूचा ढीग. सिगार कामगारांचा पुढारी सॅम्युएल गॉम्पर्स हा स्वतः सिगार वळणारा. त्यानं एका तरुण आमदाराला या खोल्या दाखवल्या. आमदाराचं नाव थिओडोर रूझवेल्ट, पंचविशीही न गाठलेला, श्रीमंत घरचा. घरात सिगार वळण्यावर बंदी घालायला आधी त्याचा विरोध होता, खोल्या बघितल्यावर तो फिरला. चाळीतल्या घरांत सिगार बनवायला बंदी आली. १८८५ मध्ये राज्याच्या वरिष्ठ कोर्टानं ती रद्द केली. माणसाला त्याचं घर आणि घराचं पवित्र वातावरण सोडून कामाला दुसरीकडे जायला लावणं योग्य नाही, असा न्यायाधीशांचा एकूण सूर. या निकालानं आपले डोळे उघडले, असं रूझवेल्टनं पुढे आत्मचरित्रात लिहिलंय.

इथं वर्ग जागा होतो. निपाणीत तंबाखू कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, आमची आज्जी अजून वळत्या की विड्या. मांडीवर सूप, शेजारी भिजवलेली पानं. पवित्र वातावरण म्हंजे त्याचा वासच की." वर्ग हसला. मग तिनंच सगळं सांगितलं: पान कात्रीनं कसं बेततात, मजुरी हजारावर कशी मिळते, मुकादम 'छाट' म्हणून किती विड्या बाजूला काढतो आणि त्याचे पैसे कसे बुडतात. न्यूयॉर्कच्या त्या खोलीबद्दल मी जे अर्धा तास बोललो असतो, ते तिनं पाच मिनिटांत केलं.

दुसऱ्या एकानं विचारलं, "पण सर, बंदी आली तर बाईनं खायाचं काय?" फार बरा प्रश्न. गॉम्पर्सच्या संघटनेचा स्वार्थही त्यात होताच: घरात स्वस्तात सिगार वळले गेले की कारखान्यातल्या कामगाराची मजुरी पडते. मुलांना सुधारक म्हटलं की संत वाटतो. त्याच्यामागे पोटाचं गणितही असतं हे कळलं तर धडा निम्मा झाला, असं मी समजतो.

जेन ॲडम्सचं हल हाउस, गरीब वस्तीतलं सेवाकेंद्र, १८८९, शिकागो, हे मी पटकन सांगतो. अप्टन सिंक्लेअरच्या कादंबरीनंतर १९०६ मध्ये मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्न-औषधांचा असे दोन कायदे आले, तेही पटकन. सिंक्लेअरला दाखवायचे होते कत्तलखान्यातल्या मजुरांचे हाल, लोकांना मळमळलं ते आपल्या ताटातल्या मांसानं. एवढं सांगून पुढे.

थांबतो ते डॅगेनहार्टपाशी. १९१६ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारनं पहिला बालकामगार कायदा केला. ज्या कारखान्यात १४ वर्षांखालची मुलं राबतात, किंवा १४ ते १६ वयाची मुलं दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त, त्याचा माल राज्याबाहेर विकता येणार नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट गावच्या कापड गिरणीत डॅगेनहार्टची दोन पोरं कामाला होती. कायद्याविरुद्ध कोर्टात गेला तो बापच, माझ्या पोरांना काम करू द्या म्हणून. पाठीशी गिरणीमालक होते, हे उघड आहे. १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी कायदा रद्द केला. त्यातल्या एका पोरानं मोठं झाल्यावर वार्ताहराला सांगितलं की त्या विजयातून आपल्याला काहीच मिळालं नाही, शाळा मात्र हुकली. असा देशभराचा कायदा टिकायला १९३८ उजाडलं.

"बाप असा कसा?" असं शहरातल्या वर्गात कुणी विचारलं असतं. इथं कुणी विचारलं नाही.

मग मी आपल्याकडचा १९८६ चा बालकामगार कायदा काढतो. विडी बनवणं त्यात धोकादायक कामांच्या यादीत आहे. पण घरच्यांच्या मदतीनं चालणाऱ्या कामाला मूळ कायद्यात सूट होती. विडी तर घरीच वळली जाते! न्यूयॉर्कच्या कोर्टानं घराचं नाव घेऊन कायदा मोडला, आपण घराचं नाव घेऊन कायद्यालाच दार ठेवलं. २०१६ च्या दुरुस्तीनं धोकादायक कामांपुरतं ते दार लावलं. तरी उंबऱ्याच्या आत बघायला कोण जातं, हे पोरांना माझ्यापेक्षा ठाऊक.

याच ओघात १९११ ची ट्रँगल कारखान्याची आग येते. २५ मार्च, न्यूयॉर्क, शिवणकाम करणारे १४६ जीव गेले, बहुतेक तरुण मुली, जिन्याचं दार कुलूपबंद. मालक सुटले, पण चौकशी आयोग बसला आणि राज्याचे कारखाना कायदे बदलले. ती आग रस्त्यावरून डोळ्यांनी पाहिलेल्या फ्रान्सिस पर्किन्स १९३३ मध्ये देशाच्या कामगारमंत्री झाल्या. आगीनंतर दोन वर्षांनी, १९१३ मध्ये, त्याच शहरात एक भारतीय विद्यार्थी कोलंबिया विद्यापीठात शिकायला उतरला. बाबासाहेबांचं नाव आलं की वर्ग ताठ बसतो, कारण त्यांची १९२५ ची निपाणीची परिषद घराघरांत सांगितली जाते. आगीमुळेच आंबेडकर कामगारांकडे वळले असलं काही मी सांगत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. एवढंच सांगतो की ज्या शहरात कामाचे तास आणि कारखान्याचे जिने यांवर वाद चालू होता, तिथं ते शिकले, आणि १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात गिरणीतल्या बाळंतिणींच्या रजेच्या आणि भत्त्याच्या बाजूनं उभे राहिले.

हे एका तासात बसत नाही. सहकारी म्हणतात, पोर्शन कधी संपवणार? संपवतो. दारूबंदी मी दहा मिनिटांत उडवतो: १९२० ला लागू, १९३३ ला गुंडाळली, मधल्या काळात गुंड गब्बर. सीमेवरच्या पोरांना दारू कुठून कुठं जाते हे शिकवायला मी कशाला हवा.

शेवटी १९३८ च्या त्या कायद्यातून कोण सुटलं हे फळ्यावर लिहितो: शेतमजूर, घरकामाला जाणाऱ्या बाया. दक्षिणेत यांत काळे लोकच जास्त. शेताला पुढे काही नियम लागले, पण आजही तिथल्या केंद्रीय कायद्यानं १२ वर्षांचं पोर आईबापाच्या संमतीनं, शाळेच्या वेळेबाहेर, तंबाखूच्या शेतात मजुरीला जाऊ शकतं. ते वाचून एक जण म्हणाला, "म्हंजे तिकडं पण निपाणी हाय की, सर." १९८१ च्या तंबाखू आंदोलनात त्याचे आजोबा हायवेवर बसले होते. शेतकऱ्याचं आंदोलन त्याला तारखेसकट पाठ आहे. वखारीत काम करणाऱ्या बायकांच्या संघटनेचं मात्र काहीच माहीत नव्हतं. तिची चौकशी घरी करून या, असं सगळ्यांना सांगितलंय.

हा धडा शिकवणाऱ्यांसाठी एक: लुईस हाइन यानं १९०८ पासून काढलेले बालकामगारांचे फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात, पाच हजारांवर आहेत. नुसते फोटो दाखवू नका, खालच्या ओळी वाचून दाखवा. पोराचं वय, काम, मजुरी सगळं त्यानं टिपलंय. कारखान्यात कुणी खरं वय सांगायचं नाही, म्हणून स्वतःच्या कोटाच्या गुंड्यांवरून तो पोरांची उंची मोजायचा. प्रोजेक्टर नसेल तर मोबाइल बाकावरून फिरवा, आम्ही तसंच करतो.