अ‍ॅब्लेशननंतरचं अस्तर आणि रिपोर्टमधला आकडा

पाळी जाऊन काही वर्षं झालेली बाई सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन आली की मी अस्तराच्या जाडीचा आकडा बघण्याआधी विचारते, ‘काकू, पूर्वी पिशवीचं अस्तर जाळून घेतलं होतं का?’ बऱ्याच जणींना अ‍ॅब्लेशन हा शब्द आठवत नाही. ‘ते फुग्याचं केलं होतं बघा, लई अंगावरून जायचं तेव्हा,’ असं सांगतात. तेवढं मला पुरतं.

चाळिशीत पाळीत फार अंगावरून जाऊ लागलं आणि पिशवी काढायची नसली, तर अ‍ॅब्लेशन चांगला उपाय आहे. पण अस्तर पूर्ण जात नाही. नळ्यांच्या तोंडाशी, कोपऱ्यांत त्याची बेटं उरतात. आतल्या भिंती एकमेकींना चिकटतात, पिशवीचं तोंड आवळतं. पुढे वय वाढल्यावर त्या उरलेल्या अस्तरात काही बिघडलंच, तर रक्त बाहेर यायला वाट मिळेलच असं नाही. पाळी गेल्यावरचा रक्तस्राव ही गर्भाशयाच्या कॅन्सरची सगळ्यात मोठी खूण, आणि तीच इथे झाकली जाऊ शकते. अ‍ॅब्लेशनमुळे कॅन्सर होतो असा याचा अर्थ नाही, हे मी प्रत्येकीला दोनदा सांगते.

नुकत्याच एका काकूंच्या रिपोर्टवर अस्तर ७ मि.मी. लिहिलं होतं, आणि ‘पिशवी काढून टाका’ हा सल्लाही त्यांना मिळून गेला होता. मी स्वतः आतून सोनोग्राफी केली. अस्तराची सलग रेघ कुठेच नव्हती. मध्येच तुटलेला, वेडावाकडा पांढरा पट्टा, म्हणजे व्रण. मोजणाऱ्याने तोच मोजला होता. अस्तर ४ मि.मी.पेक्षा जाड दिसलं तर पुढे तपासायचं, ही मर्यादा आली ती पाळी गेल्यावर रक्त दिसलेल्या आणि अस्तर शाबूत असलेल्या बायकांवरून. जाळलेल्या पिशवीला ती जशीच्या तशी लावता येत नाही, ना घाबरवायला ना निर्धास्त करायला. काकूंना ना रक्तस्राव होता, ना दुखणं, ना आत साचलेलं पाणी. पिशवी काढायचं काहीच कारण नव्हतं. आपल्याकडे पिशव्या आधीच फार सहज निघतात, आणि मला त्याचा राग येतो.

मात्र थेंबभर जरी रक्त दिसलं, किंवा ओटीपोटात नवं दुखणं सुरू झालं, सोनोग्राफीत आत काळा द्रवाचा कप्पा दिसला, तर थांबायचं नाही. तपासायला अस्तराचा तुकडा (बायोप्सी) हवाच. बायोप्सीची नळी अनेकदा आत सरकतच नाही. मग सोनोग्राफी लावून, तिच्या नजरेखाली दुर्बिणीने हळूहळू वाट काढावी लागते. चिकटलेल्या पिशवीला भोक पडायची भीती असते. एमआरआयची मदत होते, पण तो तुकड्याची जागा घेत नाही. आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट ‘नमुना अपुरा’ असा आला, तर तो ‘कॅन्सर नाही’ असा वाचू नका. शंका दाट असेल आणि तुकडा मिळतच नसेल, तेव्हा पिशवी काढण्याबद्दल मी स्वतःच बोलते.

आणखी एक. पाळी गेल्यावरच्या घामाघुमीसाठी कुणी इस्ट्रोजेन सुरू केलं, तर अ‍ॅब्लेशन झालेल्या बाईलाही सोबत प्रोजेस्टेरॉन लागतं, कारण अस्तराची बेटं उरलेली असतात. ‘अस्तरच नाही तर कशाला’ म्हणून ते गाळलेलं मी पाहिलं आहे. तेव्हा अ‍ॅब्लेशनचा डिस्चार्ज कागद फाइलमध्ये सगळ्यात वर लावा आणि औषध लिहून देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला दाखवा.