"इथंच बसून वाच"

परवा परत तोच मेसेज, सर आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये पेपर पब्लिश करा, दोन दिवसांत, फी फक्त १५००, सर्टिफिकेट फ्री. मराठीत पीएचडी करतोय म्हटल्यावर असले मेसेज रोजचेच. कोण वाचणार तो पेपर, हे कुणी विचारतच नाही.

आणि त्याच आठवड्यात एका मित्राच्या घरी 'अस्मितादर्श' या दलित साहित्याच्या त्रैमासिकाचे जुने अंक बघायला मिळाले. त्याचे बाबा औरंगाबादला मिलिंद कॉलेजात शिकलेले. पिना गंजलेल्या, पान उलटलं की कोपरा तुटून हातात येतो, एका अंकात तर वर्गणीच्या मनीऑर्डरची पावती तशीच घडी करून ठेवलेली.

हे त्रैमासिक १९६७ च्या सुमारास मिलिंदमध्येच सुरू झालं, बाबासाहेबांनी १९५० ला काढलेलं कॉलेज ते. अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखेडे आणि मराठी शिकवणारे गंगाधर पानतावणे ही मंडळी त्यामागं. आधी नाव नुसतं 'अस्मिता', मग 'अस्मितादर्श' झालं आणि पुढं पानतावणे सरांनी ते जवळजवळ ५० वर्षं चालवलं. नोकरी सांभाळून! आम्हाला एक सेमिनार पेपर वेळेत देता येत नाही.

मला त्यात भारी काय वाटलं सांगू, कविता आणि समीक्षा शेजारी शेजारी. म्हणजे दलित साहित्य कशाला म्हणायचं यावर वाद चाललाय, आणि ज्या लिखाणावरून वाद चाललाय तेही तिथंच छापून येतंय, लिहिणारा बऱ्याचदा घरातला पहिलाच शिकलेला. वर लेखक-वाचक मेळावे वेगळेच, वेगवेगळ्या गावांत भरायचे, लिहिणारे आणि वर्गणीदार एकाच मांडवात. आमच्या जर्नलांना वाचकच नाही तर मेळावा कुणाचा भरवणार.

पुढं २००९ ला अमेरिकेतल्या सॅन होजेच्या पहिल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष पानतावणे सरच होते. २०१८ ला पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच मार्चमध्ये ते गेले.

अंक घरी नेऊ का विचारलं तर बाबा सरळ नाही म्हणाले, इथंच बसून वाच. मोबाईलवर फोटो काढायला गेलो तर पान सपाट करावं लागतं आणि सपाट केलं की मोडतं, म्हणून तेही बंद. आता रविवारी वही घेऊन जाणारे, काकू म्हणाल्यात जेवायलाच ये.