ग्रीसनं काळे झालेले हात

आज दिवसभर खानापूरला दाजींच्या काजूच्या बागेत होतो. खत वाहायची त्यांची एटीव्ही (जाड टायरांची, हँडलची चारचाकी) पावसाळ्यापासून हँडलला जड, त्यात डावीकडं ओढायची. "पाव्हणं, संध्याकाळी खांदे भरून येतात बघा," म्हणाले. ऐकून वाईट वाटलं.

आधी हवा मोजली. गाडीवरच्या पट्टीवर ५ पीएसआय दाब लिहिलेला, डाव्या पुढच्या टायरात निम्मीच! एवढ्या कमी दाबात पंपावरचा मोठा गेज उपयोगाचा नाही, कमी दाबाचा वेगळा गेज घ्याच. हवा सारखी केली, ओढ गेली.

जडपणा तसाच. पुढची बाजू जॅकवर उचलली, तरी हँडल अडखळतंय. म्हणजे दोष टायरचा नव्हे. हँडलचं वळण चाकांपर्यंत नेणारे दांडे, म्हणजे टाय रॉड, त्यांची टोकं सोडवली, चाकं अलगद वळली. हँडल मात्र घट्टच. स्टिअरिंगचा दांडा ज्यात फिरतो तो बुश उघडला, तर आत आपली लाल माती वाळून विटेसारखी झालेली. प्रेशरचं पाणी थेट तिथं मारू नका रे, ग्रीस धुऊन जातं. बुश साफ करून नवं ग्रीस भरलं, टाय रॉडचे नट सुटू नयेत म्हणून नव्या कॉटर पिना घातल्या.

दिवेलागणीला दाजी बागेला फेरी मारून आले. खांद्याला हात न लावता उतरले.